सुबाथूचा समुद्र आणि तू

कमल, तुझं म्हणणं मला अजूनही पटलेलं नाही. कोट्यवधी वर्षांपूर्वी सुबाथूचा समुद्र असा हळूहळू, पाय न वाजवता गेला नसणार. मध्ये फार मोठा काळ तिथं काहीच साचलं नाही, आणि मग नद्या आल्या. परवा तुझ्या घरून परत येताना रिक्षात बसल्या बसल्या मी पुन्हा तेच मांडायला लागले, चक्क हातवारे करून. नाशिकच्या द्वारका चौकात रिक्षावाल्यानं आरशातून माझ्याकडे पाहिलं, तेव्हा भानावर आले. आता समोरून 'शाले, तुझं डोकं म्हणजे नुसता बेसॉल्ट' असं कुणी म्हणणार नव्हतं.

तुझ्या शोकसभेला घरासमोरच्या मांडवाखाली माणसं मावत नव्हती. त्रिसरण-पंचशील झालं, भन्तेजी बोलले, मग एकेक जण उठून तुझ्याबद्दल बोलू लागला. तुझ्या ऑफिसातल्या साहेबांनी तू दाखवलेल्या विहिरींच्या जागांचं कौतुक केलं. हरसूलकडून एक टेम्पो भरून माणसं आली होती. त्यांतल्या एका म्हातारीनं नुसते हात जोडले आणि ती खाली बसली. सगळे पाण्याबद्दल बोलले, आणि ते खरंच होतं. पण तुझ्या समुद्राबद्दल कुणी काही बोललं नाही. मिलिंदनं माझ्याकडे पाहिलं होतं. तुझ्या भावाला वाटत असणार, शालूताई उठेल. माझ्यानं उठवलं नाही.

म्हणून हे लिहिते आहे.

आपण पुण्याला एम.एस्सी.च्या शेवटच्या वर्षाला होतो. भूशास्त्राच्या वर्गात मुली दोनच, दोघीही नाशिकच्या, म्हणून वसतिगृहातही आपल्याला एकच खोली मिळाली होती. सहल हिमालयाच्या पायथ्याला निघाली, तेव्हा माझ्या घरून आधी नकार आला. 'कमल जाते आहे ना, मग जा,' असं शेवटी माझी आई म्हणाली. तू सोबत असलीस की काळजी नाही, हे तिनं तुला एकदाच पाहून ठरवलं होतं. तू सहलीसाठी पहिल्यांदाच सलवार-कमीज शिवलं होतंस आणि त्यात तुला आपण कुणी दुसरीच मुलगी असल्यासारखं वाटत होतं.

नाशिकच्या मुलीला दगड म्हणजे काळाच. घराचा पाया काळा, घाट काळा, पांडवलेण्यांचा डोंगर काळा. सगळा बेसॉल्ट, म्हणजे थिजलेला लाव्हा. तो थंड झाला, त्यावर पुन्हा लाव्हा आला, संपलं. पुस्तकात वाचून आपल्याला गाळाचे खडक पाठ होते, पण एकावर एक असे रंगीत थर आपण दोघींनीही डोळ्यांनी पाहिले नव्हते. काल्क्याहून वर चढून, धरमपूर मागं टाकून बस सुबाथूच्या रस्त्याला लागली आणि एका वळणावर सर म्हणाले, 'उतरा.' रस्त्यासाठी कापलेली दरड समोर होती. खाली हिरवट-करडा खडक, त्यावर पांढरा पट्टा, आणि त्याच्या वर पार शेंड्यापर्यंत लाल.

'हिरव्यात समुद्र आहे, लालमध्ये नद्या,' सर म्हणाले. 'मधलं काय ते तुम्ही मला दुपारी सांगायचं.'

मुलं डबे उघडून बसली. तू हिरव्या शेलचा, म्हणजे चिखलाच्या दगडाचा, एक पापुद्रा काढलास, ओढणीला पुसलास आणि सरळ दातांखाली धरलास.

'अगं!' मी ओरडले.

'कचकच नाही,' तू म्हणालीस. 'लोण्यासारखा गाळ. अगदी संथ पाण्यात बसलेला.'

'थुंक आधी.'

'पाच कोटी वर्षांचा चिखल आहे शाले. थुंकू कशी?'

त्याच थरात तुला मसुराच्या दाण्यांसारखे चपटे गोल जीवाश्म सापडले, आणि वर एका पट्ट्यात कालवांच्या शिंपल्यांची गच्च दाटी. तू एकेक शिंपला बोटानं चाचपत होतीस. पांढऱ्या थराशी पोचलीस आणि तिथंच थांबलीस. त्या दगडावर बारीक लाटांच्या रेघा होत्या. आपण सगळ्यांनी त्या पाहिल्या, वहीत काढल्या. तू मात्र त्यावर तळहात ठेवलास आणि म्हणालीस, 'हे मला माहीत आहे. दादरला ओहोटी लागली की वाळू अशीच राहते.'

मग तू सांगितलंस. दरवर्षी सहा डिसेंबरला तुझे वडील, आबा, तुम्हा भावंडांना घेऊन चैत्यभूमीला जायचे. रांगेत उभं राहून दर्शन झालं की ते तुम्हाला पाण्याकडे न्यायचे. पाणी मागं सरलेलं असलं की त्या रेघांवरून चालायचं, पायांना गुदगुल्या होतात म्हणून तू लहानपणी रडायचीस. 'समुद्र एकदम जात नाही,' तू म्हणालीस. 'आधी उथळ होतो, मग ही अशी वाळूची पुळण उरते, मग नद्यांचा लाल गाळ येतो. बघ ना, सगळं क्रमानं आहे.'

मी पांढऱ्या थराच्या बुडाशी बोट ठेवलं. तिथं गंजासारखा तांबूस पापुद्रा होता, त्यात बारीक गोटे अडकले होते. 'हे कापलेलं आहे कमल. खालचा थर उघडा पडला, झिजला, कितीतरी काळ तसाच राहिला. मधला काळ इथं नाहीच.'

'आहे. तुला दिसत नाही.'

'गोटे कुठून आले मग?'

'एखाद्या ओढ्यानं आणले असतील.'

'कमल, सगळ्या दरडीभर गोटे!'

सर दोघींचं ऐकून हसले आणि म्हणाले, 'दोघी बरोबर असू शकत नाही. दोघी चूक असू शकता.' यावर आपण दोघी त्यांच्यावर चिडलो. परतीच्या गाडीत खांडवा येईपर्यंत आपलं चालूच होतं. शेवटी वर्गातल्या मुलांनी हात जोडले.

सहलीनंतर मी नाशिकरोडला तुमच्या घरी आले तो दिवस मला जसाच्या तसा आठवतो. आबा छापखान्यातली पाळी संपवून आले होते, तुझ्या आईनं, माईंनी, चहा टाकला होता. आबांना तू हिमालयातल्या समुद्राबद्दल सांगत होतीस आणि ते बिडीशिवाय नुसतेच बोटांची चाळवाचाळव करत ऐकत होते. दिंडोरीकडच्या खेड्यातून ते शहरात येऊन उभं आयुष्य झालं, पण बोली तिकडचीच राहिली होती.

'आता समुद्र डोंगरावर कसा चढंल?' ते म्हणाले. 'लय शिकवलं वाटतं तुला पुण्यात.'

तू मला हाताला धरून अंगणातल्या बाजेच्या एका कडेला बसवलंस. 'ही शालू म्हणजे हिमालय,' म्हणालीस. मी तेव्हाही काही सडपातळ नव्हते. बाजेची नवार माझ्याजवळ खाली गेली. 'आबा, आता हिच्यावर तांब्याभर पाणी ओतलं तर कुठं जमेल?'

'माझ्यावर ओतू नको,' मी म्हणाले.

आबांनी माझ्याजवळच्या खोलगट जागी बोट ठेवलं. 'हितं.'

'हाच तो समुद्र. आपली जमीन आशियाला जाऊन धडकली, डोंगर उठले. त्यांच्या भारानं पुढची जमीन दबली आणि पाणी आत शिरलं. मग डोंगर उंच होत गेले, नद्यांनी त्यांच्यावरची माती वाहून आणली आणि तो खड्डा भरून काढला.'

'आन् समुद्राचं काय झालं?'

'गेला.'

'एकदम?'

'हळूहळू,' तू म्हणालीस.

'मध्ये खंड पडला,' मी म्हणाले.

आबा आधी तुझ्याकडे, मग माझ्याकडे बघत राहिले. मग मोठ्यानं हसले. 'तुमचं तुम्हालाच ठावं नाय! परत जा दोघी, नीट बघून या, मंग मला सांगा.'

पुढं मला नाशिकच्या कॉलेजात नोकरी लागली, तुला भूजलाच्या ऑफिसात. तुझी नोकरी तात्पुरती आहे असंच आपण दोघी धरून चाललो होतो. उत्तरेतल्या एका विद्यापीठात तू संशोधनासाठी अर्ज केलास. विषय तोच, त्या पांढऱ्या थराचा. निवड झाली. आबांनी वसाहतीत घरोघर पेढे वाटले. 'पोरगी समुद्र शोधायला चालली' असं ते सांगत होते, आणि लोकांना वाटत होतं तू बोटीवर नोकरीला चाललीस. ट्रंक विकत घ्यायला आपण दोघी भद्रकालीत गेलो होतो. हिरवी हवी होती तुला. मिळाली नाही, काळी घेतलीस.

त्याच महिन्यात आबा सकाळी नळावर कोसळले. उजवी बाजू गेली, तोंड वाकडं झालं, शब्द फुटेना. विद्यापीठाला तू एक वर्ष मागितलंस. त्यांनी दिलं. दुसऱ्या वर्षी तू पुन्हा मागितलंस, तेव्हा ती जागा दुसऱ्या कुणाला देऊन झाली होती.

आपलं एकदाच खरं भांडण झालं, ते तेव्हा. मी म्हणाले, जा तू, मी आहे, मिलिंद आहे, एखादी बाई ठेवू. आबा आतून ऐकत होते. त्यांनी डाव्या हातानं बाजेच्या दांडीवर थापा मारल्या. आपण आत गेलो. 'जा,' ते म्हणाले. तेवढा एकच शब्द त्यांना नीट यायचा तेव्हा. 'जा. जा.' त्यांच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि ते पुसायला त्यांचा उजवा हात उठत नव्हता. तू ते पुसलंस. बाहेर येऊन मला म्हणालीस, 'माईला एकटीला त्यांना कुशीवर वळवता येत नाही शालू. मिलिंद अजून शाळेत आहे. बस, एवढंच आहे ते. याच्यात मोठं काही शोधू नकोस.'

मी तरी शोधतच राहिले. तुझ्याऐवजी मी हळहळत राहिले आणि ते तुला आवडायचं नाही.

तू मग काळ्या दगडाचीच झालीस. हरसूल, पेठ, कुठंकुठं जीपनं जायचीस आणि परत आलीस की मला गोष्टी सांगायचीस. एका पाड्यावर तू खडकाचे प्रकार समजावून सांगत होतीस, तेव्हा डोक्यावर हंडा घेतलेली बाई मध्येच म्हणाली, 'बाय, दगडाचं नाव नको सांगू, पाणी लागंल का नाय तेवढं सांग.' ते सांगताना तू पोट धरून हसायचीस. त्या पाड्यावर तू दाखवलेल्या जागी पाणी लागलं. आणखी एका ठिकाणी लागलं नाही. त्या दिवशी तू माझ्याकडे येऊन जेवली नाहीस.

मी कॉलेजच्या मुलींना घेऊन इगतपुरीच्या घाटात जायचे, तेव्हा तू रजा टाकून यायचीस. दोन काळ्या थरांच्या मध्ये विटेसारखा लाल पट्टा असतो, तो तू त्यांना दाखवायचीस. 'इथं लाव्हा थांबला होता,' म्हणायचीस. 'खाली थंड झालेल्या दगडाची माती झाली, कदाचित गवत उगवलं. मग पुन्हा लाव्हा आला आणि ती माती भाजून निघाली.'

'म्हणजे मध्ये मोठा खंड पडला,' मी मुद्दाम म्हणायचे.

'इथं पडला.'

'मग तिथंही मान.'

'तिथं मी मानणार नाही,' तू म्हणायचीस, आणि मुलींना कळायचं नाही की या दोघी मॅडम कुठल्या गावाबद्दल बोलताहेत.

दर दिवाळीच्या सुट्टीत आपण सुबाथूला जायचं ठरवायचो. कधी आबांना ताप असायचा, कधी माईंचे गुडघे, कधी माझीच मुलं लहान. 'समुद्र कुठं पळून चाललाय,' हे तुझं ठरलेलं वाक्य. मलाही ते तेव्हा खरं वाटायचं.

मग आबा गेले. झोपेत गेले, तू उशाशी होतीस. त्या वर्षी पावसाळा संपल्यावर तू आपण होऊन माझ्याकडे आलीस आणि म्हणालीस, 'चल. आता जाऊ या.' गाडीत तू फारसं बोलली नाहीस. मला वाटलं, आबांची आठवण येत असेल. हातोडी तू नवी घेतली होतीस. ऑफिसची एक होतीच, पण ही तुझी स्वतःची.

वळण मला लगेच ओळखू आलं. दरड ओळखू आली नाही. कारण ती नव्हतीच. तिच्या जागी रस्त्याला लागून उंच दगडी भिंत उभी होती, सिमेंटमध्ये बसवलेली, पार दुसऱ्या वळणापर्यंत. पलीकडे चहाची टपरी होती. मी तिथल्या माणसाला विचारलं.

'पहाड़ी खिसकती थी, बहनजी,' तो म्हणाला. 'दो बरसात पहले गाड़ी दब गई थी. तब दीवार लगाई. अब आराम है.'

आराम होता खरा.

तू भिंतीवरून हात फिरवत चालत राहिलीस. मी मागं. एका जागी थांबून तू मला बोलावलंस. भिंतीचे दगड त्यांनी तिथलेच वापरले होते, आणि त्यात एक पांढरा दगड होता, त्यावर लाटांच्या रेघा. गवंड्यानं तो आडवा सोडून उभा बसवला होता, त्यामुळे लाटा आकाशाकडे चालल्यासारख्या दिसत होत्या. तुला हसू आलं. मलाही. आपण दोघी रस्त्यावर उभ्या राहून इतक्या हसलो की टपरीवाला बाहेर आला.

पुढं नाल्यात उतरून पाहिलं. हिरवा शेल होता, कालवं होती, पण हिरवा आणि पांढरा थर जुळतात ती जोडाची जागा कुठं मिळेना. वरून भिंतीचा मलबा लोटलेला होता. दुपार कलली. वर येऊन तू रस्त्याच्या कठड्यावर बसलीस, हातोडी मांडीवर घेऊन. मी थर्मासमधला चहा ओतला. तो तू हातात तसाच धरून ठेवलास.

'शालू,' तू म्हणालीस, 'इतकी वर्षं मी म्हणत होते, आबांचं झालं की जाऊ. आबांचं झालं की. म्हणजे मी त्यांच्या जाण्याची वाट बघत होते का गं?'

मला ते ऐकू आलं होतं. नीट ऐकू आलं होतं. मी म्हणाले, 'चहा घे. शेवटची बस पाचाची आहे.'

तू चहा घेतलास. बस मिळाली. परतीच्या सबंध प्रवासात तू मला एकदाही बेसॉल्ट म्हणाली नाहीस, आणि मीही समुद्राचा विषय काढला नाही. मला वाटलं, हे घरी गेल्यावर कधीतरी सावकाश बोलू. नाशिकला आल्यावर तू पुन्हा जीपमध्ये, मी पुन्हा परीक्षांमध्ये. भेटायचो, हसायचो, तू मुलींना घाट दाखवायला यायचीस. तो प्रश्न तू पुन्हा विचारला नाहीस. तू विसरलीस असं मी धरून चालले. तुझ्यासारखी बाई असं काही विसरत नाही, हे मला कळायला हवं होतं.

यंदा तुला कावीळ झाली. कुठल्या पाड्यावरचं पाणी प्यायलीस कुणास ठाऊक. तू कधी कुणाच्या घरचं पाणी नाकारलं नाहीस. दवाखान्यात मी रोज यायचे आणि तुला कॉलेजातल्या गमती सांगायचे. नवे प्राचार्य कसे सगळ्यांना एका ओळीत उभं करतात, कुणी उत्तरपत्रिकेत काय लिहिलं. तू पिवळ्या डोळ्यांनी ऐकायचीस. एकदा तू माझा हात धरलास आणि काहीतरी बोलायला तोंड उघडलंस. मी म्हणाले, 'डॉक्टरांनी बोलू नको म्हणून सांगितलंय. बरी हो, मग बोलू.' मला खरंच वाटत होतं की तू बरी होणार.

म्हणून आता सांगते. ऐक.

आबांच्या आजारपणातल्या एका रविवारी मी न कळवता आले होते. दार उघडंच होतं. तू आबांना खुर्चीत बसवून त्यांची दाढी करत होतीस. अर्धा चेहरा साबणाचा फेस, आणि वाकडी बाजू ताणून धरायला तू त्यांचा गाल चिमटीत पकडला होतास. आबा काहीतरी सांगत होते, तुझ्याशिवाय कुणाला कळलं नसतं असं, आणि तू वस्तरा दूर धरून खदाखदा हसत होतीस. 'आबा, हलू नका, कापेल!' तरी ते बोलतच होते, कारण तू हसत होतीस आणि ते थांबवायची त्यांची इच्छा नव्हती. फेस तुझ्या हातावर, तुझ्या पदरावर. माई भाजी निवडताना मान हलवत होत्या. कुणाचंही माझ्याकडे लक्ष गेलं नाही. मी दारातच उभी राहिले, कारण आत आले असते तर ते मोडलं असतं.

ज्याच्या जाण्याची माणूस वाट बघतं, त्याची दाढी कुणी अशी करत नाही, कमल. नव्हतीस तू वाट बघत. तुला समुद्र हवा होता आणि आबाही हवे होते, आणि दोन्ही खरं होतं. मी ते पाहिलं होतं. त्या कठड्यावर मला एवढंच सांगायचं होतं, सगळं ओठांवर होतं, आणि मी तुला बसची वेळ सांगितली.